आयएसबी: एवढं हुशार हेरखातं, तरी साम्राज्य का हरलं?

कृष्णविवर | शुक्रवार, रात्री ११:२०

(सूचना: दोन्ही सीझनमधली सगळी गुपितं खाली उघडी केली आहेत. पाहायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.)

'अँडॉर' या स्टार वॉर्स मालिकेचे २४ एपिसोड तिसऱ्यांदा पाहून संपवले. पहिल्या दोन वेळा माझं लक्ष बंडखोरांवर होतं: नायक कॅसियन, बंडाचा छुपा सूत्रधार लूथन आणि त्याला पैसा पुरवणारी सिनेटर मॉन मॉथमा. या वेळी ठरवून आयएसबीवर, म्हणजे इम्पीरियल सिक्युरिटी ब्युरोवर ठेवलं.

स्टार वॉर्सच्या जुन्या चित्रपटांत साम्राज्याचे अधिकारी बहुतेक व्हेडरकडून गळा आवळून घेण्यापुरतेच असायचे. १९७७च्या चित्रपटात डेथ स्टार या ग्रह उडवणाऱ्या महाअस्त्रावरच्या बैठकीत पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी बसलेला दिसतो, तिथून या खात्याची सुरुवात. १९८९ मध्ये वेस्ट एंड गेम्सच्या पुस्तकात त्याला नाव आणि रचना मिळाली. पण हे खातं रोज सकाळी नेमकं काय काम करतं ते मला २०२२ मध्ये 'अँडॉर'मध्येच दिसलं. मीटिंग, आकडे, हद्दीचे वाद, बढतीची आशा. मेजर पार्टागाझ आपल्या लोकांना सांगतो की आपण आरोग्यसेवक आहोत, लक्षणं ओळखायची आणि जंतू आतला असो की बाहेरचा, शोधून काढायचा. काय माणूस उभा केलाय! आवाज न चढवता समोरच्याला घाम फोडतो.

आता मुद्दा. आयएसबीची सुपरवायझर डेड्रा मीरो हिला फेरिक्स ग्रहावर सापडलेल्या चोरीच्या स्टारपाथ यंत्रावरून संशय येतो की वेगवेगळ्या सेक्टरमधल्या चोऱ्यांमागे एकच डोकं आहे. पण फेरिक्स ब्लेव्हिन या दुसऱ्या सुपरवायझरच्या हद्दीत. ती दुसऱ्याच्या हद्दीतली माहिती मागते तर तिच्यावरच तक्रार होते. लूथनने नेमकं हेच हेरलेलं असतं. प्रत्येक सेक्टरमधून थोडं थोडं उचलायचं, म्हणजे कुठल्याही एका सुपरवायझरला ते मोठं वाटत नाही.

माझं मत असं की आयएसबी बुडालं ते हद्दींच्या भिंतींमुळे. सगळी माहिती पहिल्या दिवसापासून एका टेबलावर आली असती तर लूथन वर्षभरात सापडला असता. तुम्हाला काय वाटतं? इतर कल्पित साम्राज्यांच्या हेरखात्यांबद्दलही लिहा.

नवशिका | शुक्रवार, रात्री ११:३४

वाखूसा (वाचनखूण साठवली). दुसरा सीझन बाकी आहे. तीन ओळी वाचून डोळे मिटून खाली आलो आणि हे लिहितोय. पाहून झालं की येतो.

लेखापाल | शनिवार, सकाळी ७:०५

कृवि, पार्टागाझसमोर डेड्रा आणि ब्लेव्हिन उभे राहतात तो प्रसंग पाहताना माझ्या पोटात गोळा आला होता.

मी एका पतसंस्थेत होतो. नाव लिहीत नाही. एकाच कर्जदाराने तीन शाखांत तीच मिळकत तारण दाखवली होती. प्रत्येक शाखेच्या अहवालात ती रक्कम किरकोळ. मी सहज म्हणून तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि हादरलो. साहेबांकडे गेलो तर पहिला प्रश्न: "दुसऱ्या शाखेची यादी तुझ्याकडे आली कशी?" घोटाळा कुणी केला हा प्रश्न दोन महिन्यांनी विचारला गेला. तोवर कर्जदाराने गाशा गुंडाळला होता.

पार्टागाझ तसा नाही. तो दोघांचं ऐकून घेतो आणि फेरिक्स ब्लेव्हिनकडून काढून डेड्राला देतो. मला त्या क्षणी त्या दुष्ट खात्याचा हेवा वाटला, आणि तसं वाटल्याची भीतीही वाटली.

झणझणीत | शनिवार, सकाळी ८:१२

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). आणि साम्राज्यावर निष्ठा असलेल्या त्या सिरिल कार्नच्या आईला कुणी विसरू नका. मुलगा न्याहारीला बसला की जी चौकशी सुरू होते, तिच्यापुढे आयएसबीचे सगळे सुपरवायझर पाणी कम. त्यात तिचं नाव ईडी! आमच्या घरी ते ऐकून सगळे पाच मिनिटं हसत होते.

कृष्णविवर | शनिवार, सकाळी ८:२०

हाहा. पण धागा राजकारणात जायला नको बरं का.

गोदाकाठ | शनिवार, सकाळी १०:४८

मी शाळेत संस्कृत शिकवायचे, आता निवृत्त आहे. ही मालिका नातवाने दाखवली. मी मूळ मताशी असहमत आहे आणि कारण थोडं लांब आहे.

माहितीच्या भिंती हा दोष नाही, तो हेरगिरीचा पाया आहे. अर्थशास्त्रात एका जागी राहून काम करणारे हेर वेगळे (कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस) आणि फिरते हेर वेगळे (सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी). त्यांनी एकमेकांना ओळखता कामा नये, असं कौटिल्य स्पष्ट सांगतो. आणि मग म्हणतो, 'त्रयाणामेकवाक्ये सम्प्रत्ययः'. तिघांचं म्हणणं जुळलं तर विश्वास ठेवा. हे तिघे एकमेकांना ओळखत नसतील तरच त्या जुळण्याला किंमत आहे. ओळखत असतील तर संगनमताने एकच खोटं तीनदा सांगतील.

आता मुद्राराक्षस हे संस्कृत नाटक घ्या. चंद्रगुप्त खरा, पण विशाखदत्ताने रंगवलेलं ते राज्य बरंचसं कल्पितच, म्हणून या धाग्यात चालावं. पहिल्याच अंकात निपुणक हा हेर यमाची चित्रं दाखवणाऱ्याच्या वेशात येऊन चाणक्याला सांगतो की नगरात राक्षसाच्या (हा नंदांचा अमात्य, चाणक्याचा शत्रू) बाजूची तीन माणसं आहेत: क्षपणक जीवसिद्धी, कायस्थ शकटदास आणि श्रेष्ठी चंदनदास. चाणक्य मनाशी म्हणतो, जीवसिद्धी तर आपलाच माणूस! चाणक्याचा एक हेर त्याच्याच दुसऱ्या हेराला शत्रू समजून त्याची खबर देतो, आणि चाणक्य त्याला दुरुस्तही करत नाही. मला हा प्रसंग वर्गात शिकवताना दर वर्षी तितकाच आनंद व्हायचा.

भिंती खाली असाव्यात आणि वर एकच डोकं असावं, असं ते गणित आहे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की आयएसबीच्या डोक्यावर कोण होतं?

किल्लेदार | शनिवार, सकाळी ११:३०

ताई, सुंदर प्रतिसाद. चंदनदासाच्या घरून राक्षसाची मुद्रा कशी मिळते तेही सांगा ना.

गोदाकाठ | शनिवार, दुपारी १२:०२

हो हो. निपुणक चंदनदासाच्या घरी यमाच्या चित्रांचा पट दाखवायला बसलेला असतो. आतून पाच वर्षांचं एक पोर कुतूहलाने बाहेर धावतं. त्याला आवरायला एक स्त्री दारातून हात पुढे करते, तेव्हा तिच्या बोटातली सैल अंगठी निसटते आणि घरंगळत थेट हेराच्या पायाशी येऊन थांबते. राक्षसाचं कुटुंब कुठे लपलंय हे त्यावरून कळतं. पुढचा सगळा सापळा त्या अंगठीवर उभा राहतो. एवढ्या मोठ्या खेळाची सुरुवात पोराच्या खोडीतून.

वार्पवेग | शनिवार, दुपारी १:१५

स्टार वॉर्सवाल्यांनो, जरा सरका. कल्पित साम्राज्याचं हेरखातं म्हटलं की स्टार ट्रेकमधल्या रोम्युलन साम्राज्याचं ताल शियार पहिलं आठवलं पाहिजे.

नेक्स्ट जनरेशन या मालिकेत १९९३ साली ते पहिल्यांदा आलं. नायकांच्या जहाजावरची काउन्सेलर ट्रॉय जागी होते तेव्हा तिचा चेहरा रोम्युलन केलेला असतो, आणि तिला एका युद्धनौकेवर ताल शियारची मेजर राकाल म्हणून वावरायचं असतं. नौकेची कमांडर टोरेथ ताल शियारचा मनापासून द्वेष करते, कारण त्यांनी तिच्या वडिलांना उचलून नेलेलं. तरीही ती ट्रॉयचं ऐकते. चिडते, वाद घालते, पण ऐकते. ट्रॉयकडे ना त्या कामाचं शिक्षण, ना अनुभव. तिच्याकडे फक्त गणवेश आणि आवाजातली जरब.

मला या कथेतलं एवढंच सांगायचं आहे: ज्या खात्याला प्रश्न विचारायची कुणाची हिंमत नसते, त्या खात्याचं सोंग घेणं सगळ्यात सोपं. ताल शियारची भीती हेच त्यांच्या भिंतीतलं भगदाड.

डीप स्पेस नाइन या पुढच्या मालिकेत १९९५ ला याचं मोठं रूप दिसतं. कार्डॅसियनांचं हेरखातं ऑब्सिडियन ऑर्डर आणि ताल शियार गुपचूप एकत्र येतात, २० नौकांचा ताफा उभारतात आणि डोमिनियन या शत्रूसत्तेच्या मूळ ग्रहावर हल्ला करतात. सगळं अत्यंत गुप्त. इतकं गुप्त की स्वतःच्या सरकारांनाही पत्ता नाही. तिथे पोचल्यावर ग्रह रिकामा आणि भोवती जेम'हदारांच्या, म्हणजे डोमिनियनच्या सैनिकांच्या, १५० नौका. ताल शियारचा कर्नल लोवॉक म्हणून जो सोबत असतो तो मुळात लोवॉक नसतोच, तो शत्रूचा रूप बदलणारा हस्तक असतो. दोन्ही खात्यांचा ताफा जवळपास एका दिवसात खलास.

कृवि, इथे सगळी माहिती एकाच टेबलावर होती. आणि त्या टेबलाशी शत्रू बसला होता.

तिरफळ | शनिवार, दुपारी १:२२

+१११. डीप स्पेस नाइनमधला गॅरॅक आवडतो म्हणून अजून एक +१. कपडे शिवता शिवता जगाची खबर ठेवणारा शिंपी!

मी_रेवती | शनिवार, दुपारी ३:४०

कुणी डेड्राबद्दल बोलणार आहे की नाही?

पहिले सहा-सात एपिसोड मी पूर्ण तिच्या बाजूने होते. पुरुषांनी भरलेल्या खोलीत ती एकटी गृहपाठ करून येते, आणि प्रत्येक जण तिला अडवतो. माझ्या ऑफिसातली कित्येक वर्षं मला तिच्यात दिसली. तिला फेरिक्स मिळालं तेव्हा मी सोफ्यावर टाळी वाजवली होती.

आणि मग ती फेरिक्सला जाते. कॅसियनची मैत्रीण बिक्स हिला खुर्चीत बसवलं जातं. डॉक्टर गोर्स्ट तिच्या कानांवर हेडफोन चढवतो आणि ज्या जमातीची साम्राज्याने कत्तल केली, त्यांच्या मुलांचे मरतानाचे आवाज ऐकवतो. डेड्रा तिथेच उभी असते. चेहऱ्यावर रेषही हलत नाही.

मी तिथे मालिका थांबवली. दोन दिवस पुढे पाहिली नाही. कारण टाळी मीच वाजवली होती. तिच्या हुशारीला मी न्याय समजत होते, आणि ती हुशारी कुठल्या कामाला जुंपली आहे ते मी सोयीने विसरले होते. हे खातं अधिक चांगलं कसं चाललं असतं, ही या धाग्यातली चर्चा मला म्हणूनच थोडी टोचते. ते चांगलं चाललं असतं तर आणखी किती बिक्स त्या खुर्चीत बसल्या असत्या?

लेखापाल | शनिवार, दुपारी ४:१०

रेवतीताई, मी वर हेवा वाटल्याचं लिहिलं होतं. तुमचा प्रतिसाद वाचून ते परत वाचलं. भीती कशाची वाटली होती ते आता नीट कळलं.

कृष्णविवर | शनिवार, सायंकाळी ५:३०

रेवती, टोचणं रास्त आहे. साम्राज्य जिंकायला हवं होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. ते हरलं याचा आनंदच आहे. पण ते का हरलं हे समजून घ्यावंसं वाटतं, कारण खऱ्या जगात अशी खाती आपोआप कोसळत नाहीत.

सुगरण | शनिवार, रात्री ९:१८

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग लहानसा आहे. मॉन मॉथमाचा ड्रायव्हर क्लोरिस आयएसबीचा माणूस आहे हे तिला माहीत असतं. तिने बंडासाठी दिलेल्या पैशांचा हिशेब लागत नसतो आणि ते कधीही उघडकीला येणार असतं. मग ती गाडीत बसून, क्लोरिसला ऐकू जाईल अशा बेताने, नवऱ्यावर जुगाराचा आरोप करते. पेरिन बिचारा खरोखरच चिडून भांडतो. अहवाल वर जातो: सिनेटरबाईंच्या घरात पैसे कमी पडताहेत, नवरा जुगारी आहे.

क्लोरिसने शब्द न् शब्द खरा कळवला. तरी खात्याच्या हाती खोटंच पडलं. भरल्या घरात नोकरमाणसांसमोर काय बोलायचं आणि काय नाही हे जिने सांभाळलंय, तिला हा डाव चटकन कळतो.

किल्लेदार | रविवार, सकाळी ८:००

महाराष्ट्राच्या धाग्यावर बहिर्जी नाईक आल्याशिवाय राहणार थोडेच! पण जपून लिहितो, कारण त्यांच्या नावावर ऐकीव गोष्टी फार आहेत.

सभासदाच्या बखरीत बहिरजी जाधव हे नाव जासूदांत येतं. १६६४च्या सुरतेच्या मोहिमेशी आणि १६७९ मध्ये जालना लुटून परतताना महाराजांना आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवण्याशी ते जोडलेलं आहे. महाराज तिथे थांबले म्हणून किल्ल्याला विश्रामगड म्हणतात. मी तीनदा गेलोय, अकोले तालुक्यात आहे. वर उभं राहिलं की कळतं, त्या मुलखात वाट माहीत असणं म्हणजे काय.

माझ्या डोक्यात आलं ते असं. मागे मोगली फौज आणि सोबत लुटीचं ओझं असताना एक जासूद म्हणतो, "या वाटेने चला." आणि राजा त्याच्या शब्दावर चालू लागतो. हेराचा शब्द आणि राजाचं पाऊल यात अंतरच नाही. आयएसबीत डेड्राचा शब्द सम्राटापर्यंत जायला किती जिने? सुपरवायझर, पार्टागाझ, युलारेन, आणि मग कुठेतरी वर पॅल्पटीन, जो आपल्याला या मालिकेत एकदाही दिसत नाही.

गोदाकाठताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. वरचं डोकं होतं, पण ते ऐकत नव्हतं. ते फक्त फर्मानं काढत होतं.

तिरफळ | रविवार, सकाळी ८:२५

अवांतर: जासूद, हरकारा, नजरबाज, बातमीदार... आपल्याकडे या माणसांसाठी किती शब्द होते! आता सगळ्यांना सरसकट गुप्तहेर.

किल्लेदार | रविवार, सकाळी ८:३१

आणि प्रत्येकाचं काम थोडं वेगळं. हरकारा मुख्यतः पत्र आणि खबर पोचवणारा. पेशवाईत दरबारोदरबारी वकील आणि अखबारनवीस असायचे, त्यांच्या पत्रांवर नाना फडणवीस पुण्यात बसून हिंदुस्थानभरचं राजकारण चालवत. यावर वेगळा धागा काढू.

स्प्रेकाठी | रविवार, दुपारी २:५०

मी बर्लिनला राहते. लिख्टेनबेर्ग भागात श्टाझीचं, म्हणजे पूर्व जर्मनीच्या हेरखात्याचं मुख्यालय होतं, तिथे आता संग्रहालय आहे. आईबाबा आले तेव्हा त्यांना घेऊन गेले. खातेप्रमुख एरिष मील्केचं ऑफिस जसंच्या तसं ठेवलंय. लाकडी भिंती, टेलिफोन, टेबल. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तर आपल्या कलेक्टर कचेरीसारखं दिसतं गं."

'अँडॉर' पाहताना मला तेच आठवलं. दुष्टपणा कचेरीसारखाच दिसतो.

कृवि, तुमच्या मताला हे खातं म्हणजे सरळ उलटं उदाहरण आहे. १९८९ मध्ये श्टाझीत सुमारे ९१,००० पगारी माणसं होती. देशाची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांच्या आसपास. शिवाय पावणेदोन लाखांच्या घरात खबरे: शेजारी, सहकारी, काही घरांत तर नवरा. कागद इतके की शेजारी शेजारी उभे केले तर शंभर किलोमीटरच्या वर जातात. संशयितांच्या अंगाचा वास कापडावर घेऊन बरण्यांत साठवत. लाइपझिगच्या संग्रहालयात मी त्या बरण्या पाहिल्यात, आपल्या लोणच्याच्या बरण्यांसारख्या.

आणि तरी ९ ऑक्टोबर १९८९ ला लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे ७०,००० माणसं उतरली. श्टाझीला लोक येणार हे माहीत होतं. कोण, कुठल्या चर्चमधून निघणार हेही माहीत होतं. पण एवढ्या माणसांचं करायचं काय, याचं उत्तर कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं. महिन्याभरात भिंत पडली.

फेरिक्सवर कॅसियनला वाढवणाऱ्या मार्व्हाच्या अंत्ययात्रेत अगदी हेच होतं. आयएसबीला ठिकाण माहीत, वेळ माहीत, कॅसियन येईल हा अंदाजही बरोबर. सापळा पक्का. आणि मेलेली म्हातारी चलत्चित्रातून उभी राहून लोकांना म्हणते की लढा. गावभर विटा उडतात आणि डेड्रा जमावाच्या पायाखाली सापडते. तिने एका माणसासाठी सापळा लावला होता, तिथे अख्खं गाव आलं.

अबोली | रविवार, सायंकाळी ६:०५

स्प्रेकाठी, बरण्यांचं वाचून शहारा आला.

मला लॉनी युंगबद्दल बोलायचंय. सहा वर्षं आयएसबीत बसून लूथनला बातम्या देणारा. घरी लहान मुलगी, सुटका हवी आहे. तो सांगतो की क्रीगर या दुसऱ्या बंडखोर नेत्याच्या हल्ल्याची खात्याला आधीच खबर आहे. लूथन क्रीगरला सावध करत नाही, कारण केलं तर लॉनी उघडा पडेल. ३० माणसं मरू देतो. आणि दुसऱ्या सीझनमध्ये लॉनी सगळ्यात मोठी बातमी, डेथ स्टारची, आणून देतो तेव्हा लूथन त्यालाच मारतो.

मग आयएसबीत आणि लूथनमध्ये फरक काय उरला? मला हे अजिबात पचलेलं नाही.

वार्पवेग | रविवार, सायंकाळी ६:४०

फरक आहे. लूथन स्वतःच्या जिवाचाही तोच हिशेब करतो. डेड्रा त्याच्या दुकानात येऊन उभी राहते तेव्हा तो स्वतःच्याच पोटात पातं खुपसतो. आयएसबीतला एक तरी माणूस साम्राज्यासाठी असं करतो का?

अबोली | रविवार, सायंकाळी ६:५८

स्वतः मरायला तयार असणं म्हणजे दुसऱ्याच्या बापाला मारायची परवानगी मिळणं नव्हे. लॉनीच्या मुलीला जाऊन सांगा हा हिशेब.

वार्पवेग | रविवार, सायंकाळी ७:२०

याला माझ्याकडे उत्तर नाही.

तिरफळ | रविवार, रात्री ८:१०

कृविंच्या मूळ मतावर दोन गोष्टी. एक विनोदी वाटेल, दुसरी नाही.

पहिली: लूथनच्या माणसांनी आल्धानी ग्रहावर साम्राज्याच्या तिजोरीवर घातलेल्या दरोड्यानंतर साम्राज्य चवताळतं. नवं फर्मान निघतं, साध्या साध्या गुन्ह्यांच्या शिक्षा वाढतात. त्या धरपकडीत निआमोसच्या किनाऱ्यावर कॅसियन भलत्याच किरकोळ कारणाने सापडतो, खोट्या नावावर सहा वर्षांची शिक्षा होऊन नार्किना ५ ला जातो. आता गंमत बघा. डेड्रा त्याला आकाशगंगाभर शोधतेय आणि तो साम्राज्याच्याच तुरुंगात साम्राज्याचेच सुटे भाग जोडतोय! हा तर थेट कृविंचा मुद्दा. तुरुंग आणि हेरखातं यांच्यात बोलणंच नाही. इतके लोक पकडले की पकडलं कोणाला हेच कळेना.

दुसरी मात्र कृविंच्या विरुद्ध जाते. डेड्राने शेवटी तुम्ही म्हणता तेच केलं ना? स्वतःच्या कामाशी संबंध नसलेल्या फाइली चुकून तिच्याकडे येत राहिल्या, आणि तिने त्या परत न पाठवता साठवल्या. सगळी माहिती एका टेबलावर. डेथ स्टारपर्यंत पोचणारे धागे तिच्याकडे आयते गोळा झाले, आणि लॉनीने तिथूनच उचलले. भिंती असत्या तर लॉनीच्या हाती एक तुकडा लागला असता. बंडखोरांना डेथ स्टारचा पत्ता साम्राज्याच्या सगळ्यात हुशार अधिकाऱ्याच्या हुशारीमुळे लागला.

डेथ स्टारचा प्रमुख क्रेनिक तिला समोर बसवून झाडतो तो प्रसंग परत पाहा. शेवटी ती कुठे पोचते? नार्किनाच्या तुरुंगात, तोच पांढरा-केशरी गणवेश घालून.

गोदाकाठ | रविवार, रात्री ८:४५

वा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नातवाला आत्ताच फोन करून सांगितलं.

मी_रेवती | रविवार, रात्री ९:३०

तिरफळ, आणि गोरमन? त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. ८ लाख वस्तीच्या, रेशीम विणणाऱ्या ग्रहाखालचं खनिज साम्राज्याला हवं असतं. बैठकीत डेड्रा सुचवते की तिथे असं बंड उभं राहायला हवं जे हमखास चुकीचं पाऊल उचलेल. मग आयएसबी ते बंड वाढवतं. सिरिलला त्यात आमिष म्हणून वापरतात आणि त्यालाही सांगत नाहीत.

आपण इथे हेरखातं माहिती कशी गोळा करतं यावर बोलतोय. पण गोरमनवर ते माहिती गोळा करतच नाही, घडवतं. जे पकडायचं तेच आधी पेरतं. ही सवय लागली की खरं बंड आणि आपण पेरलेलं बंड यातला फरक त्यांचा त्यांनाच कळेनासा होत असणार.

कृष्णविवर | रविवार, रात्री ११:५०

आज दिवसभर वाचत होतो. माझं मूळ मत अर्धं मागे घेतो.

अर्धंच, कारण शेवटच्या टप्प्यात हद्दीच पुन्हा नडतात. डेड्राला गोरमनवर पाठवतात आणि तिच्या अनेक वर्षांच्या शोधाची फाइल, जिला तिने ॲक्सिस नाव दिलं होतं, हीर्ट या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. लूथनचा पत्ता लागल्यावर ती वरिष्ठांना न सांगता एकटी आत जाते. का? श्रेय हवं म्हणून, आणि आपली फाइल हिसकावली गेली म्हणून. तिने पथकासह आत पाऊल टाकलं असतं तर लूथन जिवंत हाती लागला असता.

पण गोदाकाठताई आणि किल्लेदारांचं पटलं. चाणक्य दरवाज्याशी आलेल्या यमपटवाल्याशी स्वतः बोलतो. पार्टागाझसुद्धा ऐकतो, म्हणूनच तो आपल्याला आवडतो. त्याच्या वर मात्र ऐकणारं कुणीच नाही. तिरफळांच्या मुद्द्यावर अजून विचार करतोय. त्या फाइली डेड्राने परत पाठवल्या असत्या तर डेथ स्टार गुपित राहिला असता, हे माझ्या सिद्धांतात कुठेच बसत नाही. तसंच राहू दे.

नवशिका | पुढचा शुक्रवार, रात्री १२:४०

आलो! पाच रात्री जागून दुसरा सीझन संपवला आणि मग हा सगळा धागा पहिल्यापासून वाचला.

पार्टागाझच्या शेवटच्या प्रसंगाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सगळं हातातून गेलेलं आहे. तो खोलीत एकटा बसून नेमिकचा जाहीरनामा ऐकतोय. नेमिक म्हणजे आल्धानीच्या दरोड्यानंतर मेलेला तो पोरगा, जो रात्री जागून वहीत लिहीत बसायचा. त्याचा आवाज आता आकाशगंगाभर फिरतोय. पार्टागाझ विचारतो की हा कोण असेल. त्याचा सहकारी लॅग्रेट, त्यालाही माहीत नाही. मग पार्टागाझ विचार जुळवायला क्षणभर एकांत मागतो, लॅग्रेट बाहेर सैनिकांना थांबवून ठेवतो, आणि आतून गोळीचा आवाज येतो.

मी ते रेकॉर्डिंग दोनदा मागे जाऊन ऐकलं. आणि मग पहिल्या सीझनमधला आल्धानीचा एपिसोड पुन्हा लावला, नेमिक तंबूत बसून कॅसियनशी बोलतो तो. आत्ता तोच चालू आहे.